पोषणशास्त्रात एम.एस्सी. : वाट अकरावीलाच फुटते

विद्यार्थ्यांना मार्गदर्शनपर काही लिहा, असा आग्रह संपादक मंडळाने केला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही बँकेत कारकून. शिक्षण बी.ए., विषय मराठी, इतिहास व राज्यशास्त्र. मानवी पोषणशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणीही विचारावे. अधिकार एवढाच की, या विषयाच्या दारावरून आमच्या घरातील एक मुलगी परत आली आहे आणि तिला चुकीच्या रस्त्याला लावणारे आम्हीच होतो.

ती आमची भाची. भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी. दहावीला तिला अठ्ठ्याहत्तर टक्के गुण होते. विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी, बसची वेळ अडनिडी, संध्याकाळी परतायला अंधार. कला शाखा मात्र जवळच. घरात शिकलेला मामा म्हणून अकरावीचा फॉर्म भरण्याचे काम आमच्याकडे आले. कला शाखेत 'गृहअर्थशास्त्र' हा विषय होता, त्यात आहार, पोषण, बालसंगोपन असे धडे होते आणि मुलीला त्याची मनापासून आवड होती. आम्ही म्हटले, विषय तोच आहे ना, मग शाखेचे काय एवढे? पुढे बी.ए.लाही तिने तोच विषय घेतला व प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. मग पोषणशास्त्रात एम.एस्सी. करायची म्हणून आम्ही दोघे एका महाविद्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली आणि लगेच परत केली. "ही बी.ए. आहे. इथे बी.एस्सी. लागते." एवढेच वाक्य. बाईंचा त्यात काही दोष नव्हता, नियम तसाच आहे. परतीच्या बसमध्ये भाची काही बोलली नाही. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "मामा, हे अकरावीला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. शाळा-कॉलेजात 'गृहअर्थशास्त्र', 'गृहविज्ञान', 'आहारशास्त्र', 'पोषणशास्त्र' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. विद्यापीठाच्या नियमात ते एक नाहीत. गृहअर्थशास्त्र हा बहुधा कला शाखेतील एक ऐच्छिक विषय. तो घेऊन बी.ए. झालेली मुलगी त्याच विषयात एम.ए. करू शकते, शिक्षिका होऊ शकते. गृहविज्ञान ही मात्र स्वतंत्र बी.एस्सी. पदवी आहे आणि 'आहार व पोषण' ही तिची एक विशेष शाखा. मानवी पोषणशास्त्राच्या एम.एस्सी.ला जायचे तर ही पदवी हवी, किंवा अन्नविज्ञान, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, परिचर्या, वैद्यक यांसारख्या जवळच्या शाखेची पदवी हवी. कोणत्या पदव्या चालतात हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. गृहविज्ञानाच्या पदवीला काही ठिकाणी बारावी कोणत्याही शाखेची चालते, परंतु पुढे पोषणाची विशेष शाखा घेताना बारावीचे विज्ञान विचारले जाऊ शकते. म्हणून माहितीपुस्तिका दहावीनंतरच मिळवून वाचावी. बारावीला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला या वाटेवर सहसा कोणी अडवत नाही.

विज्ञानच का, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. स्वयंपाक तर आपल्या आया-बहिणी पिढ्यान्पिढ्या करीत आल्या आहेत, त्याला रसायनशास्त्र कशाला? भाचीच्या प्रकरणानंतर आम्ही हट्टाने या अभ्यासक्रमाची पुस्तके मिळवून वाचली. सर्व कळले असे म्हणत नाही. पण जे कळले त्याने आमच्याच घरातील ताटाकडे बघण्याची दृष्टी बदलली.

आमच्या भागातले उदाहरण घेऊ. धानाच्या बांधीत पीक उभे असतानाच ओलीवर लाखोळी फेकतात. कोणी तिला लाख म्हणतात. ना मशागत, ना पाणी, तरी येते. गरिबाची डाळ तीच. कोवळ्या पानांची भाजी वाळवून ठेवतात. आमच्या लहानपणी तुरीची डाळ पाहुण्यांना आणि लाखोळी घरच्यांना, असा रिवाज होता. या डाळीत प्रथिने भरपूर असतात, पण तिच्यात एक विषारी अमिनो आम्लही असते. हे द्रव्य १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे करून दाखविले. अधूनमधून खाल्ल्याने सहसा काही होत नाही. पण दुष्काळात दुसरे धान्य उरत नाही आणि महिनोन्‌महिने पोट मुख्यतः याच डाळीवर भरावे लागते, तेव्हा पायांतील शक्ती जाते. गुडघे वाकतात, माणूस चवड्यांवर, काठीच्या आधाराने चालू लागतो आणि तो पुन्हा बरा होत नाही. मध्य प्रदेशातील रीवा भागात मालक शेतमजुरांना मजुरीच या डाळीच्या रूपाने देत असत आणि लुळे होणाऱ्यांत तेच मजूर असत. १९६१ मध्ये हिच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली, पण सर्वच राज्यांनी ती अमलात आणली नाही. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले तर विषाचा बराच भाग निघून जातो. रतन, प्रतीक असे कमी विषाचे वाणही शास्त्रज्ञांनी काढले.

आता विचार करा. या एका डाळीत रसायन आहे, मज्जासंस्था आहे, शेती आहे, कायदा आहे आणि मजुरीचा दरही आहे. मानवी पोषणशास्त्र म्हणतात ते हेच. शहरात वजन कमी करण्याचे तक्ते विकणारी दुकाने निघाली आहेत, त्यांवरून या विषयाची परीक्षा करू नये.

ज्वारीचीही अशीच गोष्ट आहे. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना 'पेलाग्रा' नावाचा रोग होत असे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी व खरखरीत होते, जुलाब होतात, मन उदास होते. नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडल्याने हा रोग होतो. परंतु ज्वारीत तर नायसिन असते, मग रोग का व्हावा? हैदराबादचे डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की, ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते व ते नायसिनच्या कामात अडथळा आणते. पुढे या मतावर पुष्कळ वाद झाले. वाद झाले हेही आम्हाला महत्त्वाचे वाटते, कारण एम.एस्सी.च्या वर्गात पाठांतरापेक्षा अशा वादात पुरावा कसा तोलावा हेच शिकावे लागते. त्यासाठीच संख्याशास्त्राचा पेपर असतो आणि दुसऱ्या वर्षी बहुधा प्रबंधही लिहावा लागतो.

ज्या हैदराबादच्या संस्थेत हे काम झाले ती राष्ट्रीय पोषण संस्था. तिचा जन्म १९१८ मध्ये नीलगिरीतील कुन्नूर येथे झाला. रॉबर्ट मॅक्कॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरने बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एका खोलीत प्रयोगशाळा मांडली होती. बेरीबेरी हा भात खाणाऱ्यांचा रोग. तांदूळ गिरणीत सडून पांढराशुभ्र केला की कोंड्याबरोबर थायमिन हे जीवनसत्त्व निघून जाते. उकडलेल्या धानाच्या उसन्या तांदळात ते बरेचसे टिकते. आमच्याकडे उसना तांदूळ कमी प्रतीचा मानतात आणि सणाला पांढरा रांधतात! ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. आज तेथे उपयोजित पोषणाचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. जागा थोड्या, प्रवेश परीक्षेद्वारे.

याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत एक मराठी बाई सहाय्यक संचालक होत्या, हे आमच्या मुलींना ठाऊक नसते. डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तो सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परत आल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळींवर, तांदळाच्या पिठावर आणि ताडाच्या नीरेवर संशोधन केले. हा अभ्यास त्यांनी गरिबांच्या ताटाशी जोडला होता. नीरेने कुपोषित आदिवासी मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या प्रकृतीत सुधारणा होते असे त्यांनी दाखविले. नीरा घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न वेगळा. आम्हाला सांगायचे आहे ते हे की, अर्ज नाकारला गेला तरी त्यांच्याजवळ बी.एस्सी.ची पदवी होती, म्हणून त्यांना भांडता आले. आमच्या भाचीजवळ भांडायला कागदच नव्हता.

आता थोडे आमच्या धंद्याच्या भाषेत. पोषणशास्त्रात जमा-खर्चाचे काम फार असते. चोवीस तासांत काय काय खाल्ले ते वाटी, पळी, भाकरीच्या मापाने विचारून घ्यायचे, त्याचे ग्रॅम करायचे आणि कोष्टकावरून हिशेब मांडायचा. हैदराबादच्या संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची अशी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी, ज्वारीत सुमारे चार, बाजरीत सहाच्या वर. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे, पुरुषाला १९. म्हणजे आमच्या भागातील बाईने दिवसाला अर्धा किलो तांदूळ रांधून खाल्ला तरी तिच्या खात्यात सव्वातीन मिलिग्रॅमच्या आसपास जमा. बाकी कोठून आणायचे? शिवाय धान्य-भाज्यांतील लोह म्हणजे बँकेत टाकलेला चेक. टाकला म्हणजे वटलाच असे नाही. त्यातला थोडाच भाग रक्तात उतरतो. जेवणात लिंबू, आवळा असेल तर जास्त उतरतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी.

आमच्या आईला आम्ही सर्वांबरोबर बसून जेवताना कधी पाहिले नाही. ती शेवटी बसायची, भांड्याच्या तळाशी उरलेला भात व पाणी घालून वाढवलेले वरण, आणि वर कपभर काळा चहा. धाप लागते म्हणायची. आम्ही समजत होतो, काम जास्त होते म्हणून. तिचे रक्त प्रथम तपासले तेव्हा ती पन्नाशी ओलांडून गेली होती. हिशेब कोणी मांडलाच नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी ही स्थिती. या आकड्यांत कोणाच्या वस्त्या आहेत हे सभासदांना सांगायला नको. पण ते आकडे गोळा करणारे, तपासणारे व त्यांवर योजना आखणारे लोक आपल्या वस्त्यांतून किती गेले आहेत?

शिक्षण कोठे मिळते? मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या जुहू येथील गृहविज्ञान महाविद्यालयात व निर्मला निकेतनच्या गृहविज्ञान महाविद्यालयात. नागपूर-अमरावतीकडे गृहविज्ञानाची परंपरा जुनी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातील गृहविज्ञान महाविद्यालयाचे नाव आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय असे झाले आहे. राज्याबाहेर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ व दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज नामांकित आहेत. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, रुग्णांचा आहारोपचार, सामुदायिक पोषण, संशोधनपद्धती हे मुख्य विषय. पुस्तके बहुतेक इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले सत्र जड जाते, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे ती घाबरून सोडणार नाही.

एक सूचना विशेष महत्त्वाची. नोकरी करता करता घरबसल्या मुक्त विद्यापीठातून हे शिक्षण घेता येते, असे अजूनही पुष्कळ जण सांगतात. पूर्वी तसे होते. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश झाला. त्याला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयाचे दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीचे नवीन प्रवेश बंद केले. तेव्हा कोणी दलाल घरबसल्या एम.एस्सी. देतो म्हणून पैसे मागू लागला तर देऊ नयेत.

पैशाचे म्हणाल तर उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यावर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्याची फी माफी आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जाबद्दल लोकांत विनाकारण भीती आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सर्वसाधारणपणे घर-शेत तारण ठेवावे लागत नाही, आई-वडिलांपैकी एक सहकर्जदार लागतो आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते, हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. ग्लासगोसारख्या विद्यापीठात 'ह्यूमन न्यूट्रिशन' याच नावाने एक वर्षाची एम.एस्सी. असते. पण विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी.

नोकऱ्यांबद्दल गोड बोलणार नाही. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाला सुरुवातीचा पगार पुष्कळदा बेताचाच असतो. इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा दिली तर मान वाढतो. त्यासाठी एम.एस्सी.नंतर रुग्णालयात सहा महिन्यांची उमेदवारी लागते. सरकारी पदे मोजकीच आहेत. महाविद्यालयात शिकवायचे तर 'गृहविज्ञान' विषयातून नेट परीक्षा देता येते. सामाजिक संस्थांतील कामे बहुधा मुदतीची असतात. जिला फक्त लवकर पगार हवा आहे तिने दुसरी वाट पाहावी.

आणि ज्या मुली आधीच बी.ए. झाल्या आहेत? त्यांच्यासाठी एम.ए. गृहअर्थशास्त्र आहे, समाजकार्याची पदवी आहे. सार्वजनिक आरोग्याच्या काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. आमची भाची एम.ए. झाली व आता अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. गावातील अंगणवाडीत ताईंना बालकांची वजने नोंदवायला ती मदत करते. तिच्या हातचा वाढीचा तक्ता आम्ही पाहिला, फार नेटका होता. तिची धाकटी बहीण यंदा अकरावी विज्ञानला आहे. बस अजूनही अडनिडीच आहे. थोरली तिला संध्याकाळी फाट्यावर घ्यायला जाते.

दहावीचा निकाल लागल्यावर पुढील चार रविवार, सकाळी दहा ते बारा, आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसणार आहोत. येताना गुणपत्रिका, जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला आणावा, नसल्यास तो कसा काढायचा ते सांगू. पालकांनी एकटे येऊ नये, मुलीला सोबत आणावे. फॉर्म तिने स्वतः भरायचा आहे.